लाल परत येईपर्यंत

मला लाल रंग नीट दिसत नाही, हे मला पहिले तीन आठवडे कळलंच नाही. उलट माझं चित्र सुधारायला लागलंय असं वाटत होतं. माझ्या सरांनाही तसंच वाटलं.

हे लिहावं की नाही ते बरेच दिवस ठरत नव्हतं. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तीही चित्रकलेच्या कॉलेजात, म्हणजे गल्लीतल्या लोकांच्या मते ते धड कॉलेजही नाही. पण वॉर्डात माझ्या आजूबाजूच्या खाटांवर ज्या बाया होत्या, त्यांच्यासारखं कुणी टीबीच्या गोळ्या घेत असेल आणि त्यांना रंग फिके वाटत असतील, तर त्यांनी माझ्यासारखं गप्प बसू नये. तेवढ्यासाठी लिहिते आहे.

एक बाजू पांढरी

मी सोनपेठची. आई आठवडी बाजारात वाळलेली मिरची विकते, बाबा गवंडीकाम करतात. परभणीला मी दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होते. दुसऱ्या वर्षाला सरांनी आम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या चित्रकारांचा अभ्यास लावला. ते लोक चित्रं काढायला उन्हात जाऊन बसायचे. सरांनी छापील चित्रं वाटली आणि म्हणाले, चौकोन पाडून नक्कल करा, हात कसा चालला ते कळेल.

मला काहीच कळेना. जवळून बघावं तर नुसते ठिगळासारखे फटकारे. मागे सरकावं तर पाणी, नाव, धुकं. सर वर्गात फिरत सांगायचे, "काळा रंग डब्यातून काढून टाका. सावली काळी नसते. रंग घोटू नका, शेजारी शेजारी ठेवा. मिसळायचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो." आणि एक वाक्य तर रोजचंच होतं: "माहीत असलेलं काढू नका. दिसतंय ते काढा."

मी शाळेपासून पान हिरवं आणि खोड तपकिरी काढत आले होते. माहीत असलेलं सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते विचारायची लाज वाटायची.

दिवाळीनंतर संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी उतरायचा, म्हणून मी दुर्लक्ष केलं. एक दिवस कॉलेजच्या आवारातला लिंब रंगवताना श्वासच पुरेना. उजव्या बरगडीखाली कुणी बोट रुतवून धरल्यासारखं दुखत होतं. मैत्रिणीनं घरी फोन केला. बाबा कामावरून तसेच आले, नखात सिमेंट घेऊन.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. छातीची एक बाजू काळपट, दुसरी खालून अर्धी पांढरी. सांगायला विचित्र वाटतं, पण माझं लक्ष आधी त्या राखाडी छटांकडे गेलं. मग डॉक्टर म्हणाले, "छातीत पाणी झालंय. टीबी आहे."

"आमच्या घरात न्हाई कुणाला," बाबा म्हणाले. डॉक्टर चुकीच्या घरी आल्यासारखे.

बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "गल्लीत टायफाइड सांगायचं."

मी मान हलवली. मला टीबीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. पण त्यांच्या हातात ग्लास नव्हता, हेही दिसत होतं.

भिंत

छातीतलं पाणी काढायला मला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. पहाटे झाडूवाली, मग थर्मामीटर, मग गोळ्या. गोळ्या उपाशीपोटी आणि सिस्टरच्या समोर. दुपारी सगळा वॉर्ड झोपायचा आणि मला झोप यायची नाही. पडून राहवेना, उठून फिरावं तर दम लागायचा. पाय आपोआप हलायचे. शेजारच्या खाटेवर पालमच्या एक मावशी होत्या. त्या म्हणायच्या, "ये पोरी, पाय किती हलवायलीस! खाट चालत पालमला जाईल."

गोळ्या सुरू केल्या त्या दिवशी सिस्टरनं मला दोन गोष्टी सांगितल्या. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. आणि डोळ्यांत काही फरक वाटला तर लगेच सांगायचं. पहिली दुसऱ्याच दिवशी खरी झाली, म्हणून लक्षात राहिली. दुसरीचा अर्थ मी डोळे दुखणं, लाल होणं असा घेतला. माझे डोळे कधीच दुखले नाहीत. सिस्टरची चूक नव्हती, हे मला स्पष्ट लिहायचं आहे.

दुपारी खिडकीतून ऊन यायचं आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर सलाईनच्या स्टँडची सावली पडायची. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी तिच्याकडे बघत होते आणि एकदम दिसलं, ती सावली जांभळी होती. काळी नाही, राखाडी नाही, फिकी जांभळी. आणि चार वाजेपर्यंत ती निळी झाली. मी उठूनच बसले.

"काय बघायलीस भिंतीकडं?" मावशींनी विचारलं. "पाल हाय का?"

"सावली जांभळी आहे मावशी."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाई," म्हणाल्या.

आठ दिवसांतली ती एकच गोष्ट चांगली आठवते. वर्षभर सर जे सांगत होते ते मला आडवं पडून दिसलं.

घर

सोनपेठला आल्यावर माझं ताट-पेला वेगळा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की माझ्यापासून कुणाला होणार नाही, तरी झाला. पेल्याला खूण म्हणून आईनं लाल दोरा बांधला. बाबांनी माझी रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली हुंगली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. "या वासानंच झालंय समदं," म्हणाले. "बरी झाली की बस झालं कॉलेज. डी.एड. कर न्हाईतर घरी बस."

मी भांडले नाही. भांडायला दम नव्हता. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली: वर्ष वाया गेलं तर बाबा मला परत पाठवणार नाहीत. वार्षिक काम पूर्ण केलं, सरांनी पास केलं, तरच.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "पाण्यात पातळ होणारे अॅक्रिलिक रंग घे, त्यांना वास नसतो. आणि घरातच काढ. एकच वस्तू, एकच जागा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही, ऊन आपल्यासाठी थांबत नाही. महिनाभर कर."

उन्हाळ्याआधी आमच्या अंगणात मिरची पसरलेली असते. आईनं तिच्या जुन्या हिरव्या लुगड्यावर ढीग घातला होता. लाल ढीग, हिरवं लुगडं. मी तेच घेतलं. लाल आणि हिरवं शेजारी ठेवलं की दोन्ही पेटतात, हे पुस्तकात वाचलेलं अंगणात बघायला मिळालं. सकाळी ढिगाच्या सावल्या निळसर, दुपारी सगळं पांढरट, संध्याकाळी कडा नारिंगी. पहिली सात-आठ चित्रं आरडाओरडा करणारी झाली. सर म्हणायचे, "लाल ओरडतोय. त्याला शेजाऱ्यांशी बोलायला शिकव."

सर असंही सांगायचे की डोळे बारीक करून बघा, म्हणजे बारकावे जातात आणि रंगाचे मोठे तुकडे दिसतात. मला ते कधी जमायचं नाही. मार्चमध्ये ते जमायला लागलं. नंतर तर डोळे बारीक करायचीही गरज पडेना, सगळं आपोआपच मऊ दिसायचं. लाल शांत झाला. लाल आणि हिरव्याचं भांडण मिटलं. ट्यूबमधला लाल मात्र मला फिका वाटायचा. दुकानदारानं जुना माल दिला, असं मी धरून चालले. लालऐवजी कधी तपकिरी लावला तरी फरक वाटेना, म्हणून हाताला येईल तो लावत गेले. मला वाटलं, हेच ते. माहीत असलेलं सुटलं आणि दिसतंय ते यायला लागलं.

फोनवर फोटो पाठवले. सरांचं उत्तर आलं: "लाल छान दाबलास. धाडस आहे."

तो निरोप मी दिवसभरात कितीतरी वेळा उघडून बघितला. अक्षरं जरा पुसट दिसायची. मी चार्जिंग कमी असेल म्हणून सोडून दिलं.

निवडताना

बाजाराच्या आदल्या दिवशी आई मिरची निवडते. लाल एका सुपात, पांढरी पडलेली दुसऱ्या सुपात. पांढरी वाया जात नाही, पण ती चांगल्या मालात गेली तर संपलं. आई म्हणते, "पोत्यात एक पांढरी घावली की गिऱ्हाईक बाकीच्या पोत्यावर बी इमान ठेवत न्हाई." मी हे काम सहा वर्षांची असल्यापासून करते. गप्पा मारत, न बघितल्यासारखं होतं.

त्या दिवशी मला बरं वाटत होतं म्हणून मी बसले. तासाभरानं आईनं माझं सूप ओढलं आणि हात थांबवला.

"मने, हे काय केलंस?"

"काय?"

"निम्म्या पांढऱ्या घातल्यास की लालात. डोळे फुटले का गं तुझे? का परभणीच्या कॉलेजात मिरची बी उलटी शिकिवतेत?"

मी सुपात बघितलं. मला सगळ्या सारख्या दिसत होत्या. कुठलीच पूर्ण लाल नव्हती, कुठलीच पांढरी नव्हती. मी म्हणाले, "उन्हामुळे असेल."

आईनं दोन मिरच्या माझ्यासमोर धरल्या. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "यातली लाल कंची?"

मी डावीकडची दाखवली. तिनं हात मागे घेतले. मिरच्या बदलून परत धरल्या. मग तिसऱ्यांदा. मग ती उठली, घरात गेली आणि मी काढलेली चित्रं घेऊन आली. तिनं आधी ती कधी नीट बघितली नव्हती. अंगणात एकापुढे एक मांडली, मी खाली तारीख टाकलेली असते त्या क्रमानं नव्हे, तिच्या नजरेनं. आईला वाचता येत नाही. पण तिनं लावलेला क्रम तारखांप्रमाणेच निघाला.

"ही माझी मिरची हाय," पहिल्यावर बोट ठेवून ती म्हणाली. "ही बी. ही जरा उतरलेली. ही पांढरी पडायली." शेवटच्या चित्राजवळ ती थांबली. याच चित्रावर सरांचा निरोप आला होता. "आन् ही चिखलातली. असली मिरची मी अंगणात पसरली न्हाई कधी."

मी रडले नाही. मी अंगणात फेऱ्या मारायला लागले. आई म्हणाली बस, मी बसेना. मी पेल्याच्या दोऱ्याकडे बघत होते, दाराच्या उंबऱ्यावरच्या कुंकवाकडे बघत होते. हे लाल आहे, असं मला माहीत होतं. दिसत नव्हतं. एवढे दिवस मी ज्याला शिकणं समजत होते, ते माझ्या हातातून जाणं होतं.

ठिपक्यांचं पुस्तक

दुसऱ्या दिवशी बाबा कामाला गेले नाहीत. पहिल्या एसटीनं आम्ही परभणीला गेलो. चित्रं न्यायचं त्यांनीच ठरवलं. चादरीत गुंडाळून, मांडीवर उभी धरून ते सगळा रस्ता बसले. खड्डा आला की चित्रं वर उचलायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, ज्यात रंगीत ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. मला पहिल्या पानावरचा आकडा दिसला, पुढचे नाहीत. बाबा मागे उभे राहून पुटपुटत होते. त्यांना आकडे दिसत होते आणि ते मला सांगता येत नव्हते, त्याचाच त्यांना त्रास होत होता.

मग बाबांनी चादर सोडली. डॉक्टरांनी चित्रं तारखेनं लावून बघितली. म्हणाल्या, "टीबीच्या गोळ्यांतली एक गोळी क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेला त्रास देते. ती बंद करायची. बाकीच्या चालू ठेवायच्या, आपल्या मनानं काही सोडायचं नाही. तुमच्या टीबीच्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते."

"परत दिसेल का?" मी विचारलं.

"लवकर आलात तर बहुतेकांचं परत येतं. दोन-तीन महिने लागतात, कधी जास्त. सगळ्यांचंच पूर्ण येतं, असं मी सांगणार नाही."

मला त्यांचा राग आला. आता वाटतं, खोटं बोलल्या असत्या तर जास्त आला असता.

बसस्टँडवर बाबा म्हणाले, "ते टर्पेंटाइन उगंच टाकलं मी." एवढंच. बाकी कॉलेजचं त्यांनी काही काढलं नाही.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोटोत नीट कळलं नाही असं म्हणून मी सुटू शकतो. पण तसं नाही. मला ते चित्र खरंच आवडलं होतं, मनीषा. मी विचारायला हवं होतं." सरांनी मला तोपर्यंत कधी नावानं हाक मारली नव्हती. वार्षिक काम ऑगस्टपर्यंत द्यायची परवानगी त्यांनी काढून दिली. तोवर डोळे सुधारले नाहीत तर काय, हे त्यांनीही विचारलं नाही, मीही नाही.

ताट

वाट बघणं मला जमत नाही. एप्रिलभर मी सकाळी उठल्या उठल्या पेल्याचा दोरा बघायचे. काल होता त्यापेक्षा लाल आहे का? आहे असं वाटायचं. दुपारी नाही असं वाटायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. आई वैतागली. "दोऱ्याला नजर लागंल," म्हणाली आणि दोराच सोडून टाकला. त्या दिवसापासून माझा पेला घरातल्या पेल्यांत मिसळला. तिनं मुद्दाम केलं की कसं, मी विचारलं नाही.

मग तिनं स्वतःची तपासणी सुरू केली. रोज सकाळी ताटात मूठभर मिरच्या, त्यात काही पांढऱ्या. मी पांढऱ्या सांगायच्या. पहिले काही दिवस सगळं चुकलं. नंतर अचानक बरोबर यायला लागलं. आईला संशय आला. तिनं बघितलं, मी मिरची उचलून हलवत होते. पांढरी पडलेली हलकी असते, आत बी जास्त वाजतं.

"हातानं न्हाई," तिनं ताट ओढून घेतलं. "हात तर माझा बी सांगतो. डोळ्यानं."

तेव्हापासून ताट जमिनीवर आणि मी दोन हात लांब. कुंचल्याच्या मागच्या टोकानं दाखवायचं. मग मी दुसरी लबाडी शिकले. ताटात पांढऱ्या असतातच, हे मला माहीत होतं, म्हणून मी दोन-तीन अंदाजानं दाखवायचेच. एखादी लागायची. आईला ते कळत असणार. तरी रोज ताट मांडायची.

मेमध्ये कुंकू परत आलं. आधी उजव्या डोळ्याला. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली आणि तिच्या कपाळावर लाल दिसला. मी ओरडले, ती घाबरली, भाकरी करपली. डाव्या डोळ्याचं अजून पूर्ण झालेलं नाही. मधोमध थोडं पुसट आहे. डॉक्टर म्हणतात, बघू. चित्रं मी पुन्हा सुरू केली, पण एक फटकारा मारला की आईला हाक मारून विचारायचे, हा लाल आहे ना? ती म्हणायची, तुला कसा दिसायलाय? मला सांगता यायचं नाही. दिसत होतं, पण डोळ्यांवर विश्वास नव्हता. एकदा त्यांनी फसवलं होतं.

जूनमध्ये एका बाजाराच्या सकाळी टेम्पो दारात येऊन हॉर्न वाजवत होता. आई पोती बांधत होती. एक पोतं उघडं ठेवून तिनं ताट माझ्यासमोर आदळलं. या खेपेला ताट भरलेलं होतं, तिनंही अजून न निवडलेल्या मिरचीचं.

"सांग लवकर. त्यो थांबायचा न्हाई."

मी बघितलं. पांढरी सापडेना. परत बघितलं. कडेला एक होती, तिच्यावर आभाळाचा निळसर उजेड पडला होता. ती पांढरी म्हणावी का? कुंचला तिच्यावर नेला. हॉर्न वाजला. ताटात पांढऱ्या असतातच, हे मला माहीत होतं. पण ती मिरची लाल होती. वरून निळी चमक, कडेला नारिंगी, खाली सावलीत गर्द जांभळी, आणि सगळी मिळून लाल. तिच्या शेजारचीही. सगळ्या.

"यात एकही नाही," मी म्हणाले.

आईनं ताट उचललं आणि न बघता उघड्या पोत्यात, विकायच्या मालात रिकामं केलं.

"अगं, बघून तरी घे."

"तू बघितलंस नव्हं?" ती म्हणाली, आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं.